वाचकांचे प्रश्न : अंबू बॅग दाबणारं यंत्र व्हेंटिलेटर कधी होतं?

कमी खर्चाचे, खुल्या आराखड्याचे व्हेंटिलेटर बनवू पाहणाऱ्या हौशी गटांकडून नागपूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून रुग्णाच्या फुप्फुसांत हवा भरायची पिशवी. एकसारखे प्रश्न एकत्र करून नऊ निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच फुटले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघांनी जुन्या गाडीच्या वायपर मोटरवर अंबू बॅग दाबणारा सांगाडा तयार केला आहे. मिनिटाला २० वेळा दाबतो. सलग दोन तास चालवला, एकदाही थांबला नाही. आता पुढे काय करावं?
*– अभियांत्रिकीचे विद्यार्थी, हिंगणा मार्ग*

दोन तासांत २,४०० वेळा दाबून झाली. त्याच गतीने दिवसाचे २८,८०० होतात, आणि रुग्ण दोन आठवडे यंत्रावर राहिला तर आकडा चार लाखांच्या पुढे जातो. अंबू बॅग ही माणसाने हाताने, थोडा वेळ, फार तर रुग्णवाहिकेतल्या प्रवासापुरती दाबायची वस्तू. यंत्राच्या जबड्यात ती रोज एकाच जागी दुमडते आणि त्या घडीवरच चिरते. म्हणून दाबणाऱ्या पट्ट्यांच्या कडा काटकोनी ठेवू नका, चांगल्या गोलाई द्या. पट्टीला बॅगेच्या आकाराचा बाक दिला तर आणखी बरं. दुसरी खोड अशी की बॅग दर दाबाला केसभर पुढे सरकते. दोन तासांत ते लक्षात येत नाही. रात्रभरात ती जबड्यातून अर्धी बाहेर आलेली असते. बॅग दोन्ही टोकांना, म्हणजे मानेशी आणि मागच्या झडपेशी, पट्ट्याने धरा. मधल्या पोटाला धरू नका.

आता वायपर मोटर. ती स्वस्त आहे, जोरकस आहे, बर्डीच्या बाजारात नाहीतर कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळते, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिच्याकडेच जातो. पण तिच्या आत वर्म गिअर असतो. मोटर गिअरला फिरवते. गिअर मोटरला उलटं फिरवू शकत नाही. श्वास भरण्याच्या मध्येच लाईट गेली तर जबडा बॅग दाबलेल्या अवस्थेत तसाच अडकतो. बॅगेतला दाब रुग्णाकडच्या झडपेवर राहतो, उच्छ्वासाची वाट बंद राहते आणि रुग्णाला श्वास सोडता येत नाही. नुसतं यंत्र बंद पडण्यापेक्षा हे वाईट. यावर दोन उपाय. मोटर आणि जबडा यांच्यात एका हाताने ओढून निघेल अशी पिन ठेवा, आणि पिन निघताच जबडा स्प्रिंगने उघडा पडला पाहिजे. बॅगही पाना न लावता, काही सेकंदांत बाहेर काढून हाताने दाबता आली पाहिजे. हे अंधारात, हातमोजे घालून करून पाहा.

जोराचा हिशेब असा. दाबाची कमाल मर्यादा ४० सेंटिमीटर पाण्याची धरा, म्हणजे साधारण ३.९ किलोपास्कल. पट्टी ९ बाय १२ सेंटिमीटरची असेल तर तिच्यावर ४२ न्यूटन, म्हणजे सव्वाचार किलो वजनाइतका जोर येतो. त्यात बॅगेचा स्वतःचा ताठरपणा आणि सांध्यांचं घर्षण मिळवा. हिशेबाच्या दुप्पट ताकदीची मोटर घेतली तर ती तापत नाही.

जबडा या क्षणी कुठे आहे, हे साध्या वायपर मोटरला कळत नाही. निदान दोन लिमिट स्विच (जबडा टोकाला पोचला की दबणारी बटणं) हवेत, आणि यंत्र सुरू होताना जबडा आधी पूर्ण उघडून घेतला पाहिजे. स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) वापरलात तरी पावलं चुकतात, आणि चुकली हे कंट्रोलरला कळत नाही. स्विच तिथेही लागतातच.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २०१० साली विद्यार्थ्यांनी असंच यंत्र केलं होतं. मार्च २०२० मध्ये तोच विचार पुन्हा हाती घेतला गेला आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला झाला. नेमका व्हेंटिलेटरच शिल्लक नसेल तेव्हाची तात्पुरती सोय, एवढीच त्याची भूमिका होती. तुमच्या यंत्राकडेही त्याच नजरेने पाहा. पिशवी दाबणं जमलं. आता पिशवी नीट दाबली जात नसेल तेव्हा ते यंत्राला कळतं का, एवढंच पाहायचं आहे.

प्रश्न : एका श्वासाला ५०० मिली धरलं तर सगळ्यांना चालेल ना?
*– वाचक, महाल*

नाही. हा आकडा शाळेच्या पुस्तकातला, निरोगी मोठ्या माणसाचा. आजारी फुप्फुसासाठी उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ मिली, असा हिशेब २००० सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीनंतर रूढ झाला. पुरुषांसाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंटिमीटरमध्ये वजा १५२.४), बायकांसाठी ५० च्या जागी ४५.५. म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाला साधारण ३७० मिली आणि १५५ सेंटिमीटरच्या बाईला २८७. तिला ५०० दिले तर जवळपास पावणेदोन पट झाले. वजन काट्यावरचं धरायचं नाही. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत.

बॅगेतून निघालेली सगळी हवा रुग्णापर्यंत पोचत नाही, हेही ध्यानात ठेवा. बॅग आणि नळी मिळून दोन लिटर हवा धरली, तर ३० सेंटिमीटर दाबाला तिच्यातली सुमारे ५८ मिली नुसती आकसण्यात जाते, कारण वातावरणाचा दाब १,०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. पन्हाळीदार नळी फुगते त्यात आणखी जाते. जबडा किती मिटला यावरून मिली सांगणारा डायल म्हणूनच फसवतो. फुप्फुस जितकं ताठर तितकी फसवणूक जास्त, आणि यंत्र लागतं ते ताठर फुप्फुसाच्याच रुग्णाला.

प्रश्न : झडप यंत्राच्या पेटीतच बसवली आणि रुग्णापर्यंत एकच दीड मीटरची नळी नेली. दिसायला फार सुटसुटीत झालं आहे. हरकत नाही ना?
*– वर्कशॉप चालवणारे वाचक, बुटीबोरी*

मोठी हरकत आहे. २२ मिलिमीटर व्यासाच्या दीड मीटर नळीत ५७० मिली हवा मावते. रुग्ण श्वास सोडतो तो त्या नळीत, आणि पुढच्या दाबाला तीच हवा परत आत घेतो. ३५० मिलीच्या श्वासात ताजी हवा पोचतच नाही. पडद्यावर दाब, गती, सगळं ठीकठाक दिसत राहतं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. श्वास-उच्छ्वास वेगळे करणारी झडप रुग्णाच्या तोंडाशीच हवी. नाहीतर दोन नळ्या आणि वाय जोड घ्या. तोंडाशी लावायच्या फिल्टरमध्येही हवा मावते, तीही या हिशेबात धरा.

प्रश्न : दाब मोजायला एमपीएक्स ५०१०डीपी सेन्सर लावला आहे. घरातला कूलर चालू झाला की रीडिंग उड्या मारतं. सेन्सर खराब आहे का?
*– डिप्लोमाचा विद्यार्थी, मनीषनगर*

सेन्सर बहुधा चांगला आहे. हा सेन्सर शून्य दाबाला ०.२ व्होल्ट देतो आणि पुढे दर किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट. म्हणजे एका सेंटिमीटर पाण्याला ४४ मिलिव्होल्ट. आर्डुइनो ऊनोसारख्या १० बिटच्या कंट्रोलर बोर्डावर एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणून एका सेंटिमीटरला नऊ पायऱ्या मिळतात. एवढं पुरतं, पण इतक्या बारीक सिग्नलवर कूलरच्या पंखा-पंपाचा झटका सहज चढतो. उन्हाळ्यात नागपुरात ज्या घरात यंत्र तपासाल तिथे कूलर असणारच, तेव्हा ही आयती चाचणी समजा.

आधी वायरिंग पाहा. मोटरची आणि सेन्सरची ग्राउंड वायर एकाच तारेतून आणली असेल तर ती वेगळी करा; दोन्ही सप्लायच्या पायाशी एकाच बिंदूला मिळू द्या. सेन्सरच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. सिग्नलची तार ग्राउंडच्या तारेला पीळ घालून न्या आणि मोटरच्या तारेपासून लांब ठेवा.

दुसरी भानगड सप्लायची. या सेन्सरचं आउटपुट त्याच्या सप्लायच्या प्रमाणात बदलतं. सेन्सर आणि एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा बोर्डातला भाग) दोघांना एकच ५ व्होल्ट मिळत असेल तर सप्लाय घसरला तरी दोघं मिळून घसरतात आणि उत्तर बरोबर येतं. एडीसीला वेगळा पक्का रेफरन्स दिला आणि मोटर ओढते तेव्हा सेन्सरचा सप्लाय ४.७ वर आला, तर २० सेंटिमीटरच्या जागी साडेअठरा दिसतात. तेही नेमकं श्वास भरण्याच्या वेळी, जेव्हा आकड्याची गरज असते.

रीडिंग खरं की खोटं हे ठरवायला पाण्याची यू नळी बनवा. खर्च शे-दोनशे रुपये. मीटरभर फळीवर ८ मिलिमीटरची पारदर्शक नळी यूच्या आकारात क्लिपांनी बसवा, मध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी काठाला चिकटत नाही. एका टोकाला टी जोडाने सेन्सर आणि सिरिंज जोडा, दुसरं टोक उघडं ठेवा. ५, १०, २०, ३०, ४० अशा पायऱ्यांनी चढत आणि मग उतरत रीडिंग घ्या. इथे हमखास होणारी चूक सांगतो. पाणी एका बाजूला १० वर चढलं की दाब १० असं लिहिलं जातं. दुसऱ्या बाजूला ते तेवढंच उतरलेलं असतं. दाब म्हणजे दोन पातळ्यांतला फरक, इथे २०. ही चूक कोडात शिरली तर तुमची ४० ची सुरक्षा मर्यादा रुग्णासाठी ८० ची होते.

सेन्सरकडे जाणारी बारीक नळी मुख्य नळीच्या वरच्या अंगाने काढा आणि सेन्सर उंचावर ठेवा. उच्छ्वासातली वाफ थंड होऊन नळीत थेंब साचतात, आणि एक थेंब नळी बुजवायला पुरतो. मग पडद्यावरचा आकडा गोठतो. गोठलेला आकडा उड्या मारणाऱ्या आकड्यापेक्षा धोकादायक, कारण तो शहाण्यासारखा दिसतो. दर श्वासाला दाब काहीतरी वर-खाली झालाच पाहिजे. न झाल्यास अलार्म वाजेल असं कोडात लिहा.

प्रश्न : टेस्ट लंग (यंत्र तपासायचं नकली फुप्फुस) फार महाग आहे. घरच्या घरी काही करता येईल का?
*– विज्ञान शिक्षिका, काटोल*

करता येईल, आणि तेही पाण्याच्या २० लिटरच्या जारमधून. बंद कडक भांड्यात हवा भरली की दाब चढतो. किती चढेल ते घनफळावरून काढता येतं. सावकाश भरल्यास २०,००० भागिले १,०३३, म्हणजे दर सेंटिमीटर दाबाला १९ मिलीच्या आसपास. झपाट्याने भरल्यास हवा तापते, म्हणून तोच आकडा १४ वर येतो. हे आजारी, ताठर फुप्फुसाच्या जवळचं आहे. दोन जार टी जोडाने जोडले की दुप्पट, म्हणजे जरा बरं फुप्फुस. तोंडाला रबरी बूच आणि त्यातून ७.५ मिलिमीटरची एंडोट्रॅकियल ट्यूब (रुग्णाच्या श्वासनलिकेत घालायची नळी) काढली की श्वासनलिकेचा अडथळाही आला.

जार जाड भिंतीचा घ्या. पातळ बाटली दाबाने फुगते आणि सगळा हिशेब बिघडवते. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. ३०० मिली झटक्यात भरले की दाब २१ च्या पुढेमागे जातो आणि लगेच उतरू लागतो. सगळे गळती शोधायला धावतात. गळती नसते, तापलेली हवा निवत असते. उतरता उतरता दाब साडेपंधराच्या आसपास स्थिर झाला तर जार पक्का. तिथेही न थांबता उतरतच राहिला तर बूच पाहा, साबणाचं पाणी लावा. हा तापण्या-निवण्याचा खेळ कमी करायचा असेल तर जारमध्ये तांब्याच्या बारीक तारेचा सैल गुंता भरून ठेवा, तो उष्णता शोषून घेतो.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रेशर आणि व्हॉल्यूम यांचं नातं दाखवायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. हौशी गटांनी व्हेंटिलेटरच्या आधी असे चार-सहा संच करून द्यावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : जोड, झडपा थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापल्या तर?
*– वाचक, धरमपेठ*

सांगाड्याला चालेल, श्वासाच्या वाटेला नको. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला भाग वाकडा होऊन निघतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० पर्यंत तग धरतं. पण वाफेने निर्जंतुक करणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये दोन्ही टिकत नाहीत, आणि छापील थरांच्या फटींत जंतू बसतात ते नुसतं पुसून निघत नाहीत. १५ आणि २२ मिलिमीटरचे निमुळते जोड सर्जिकल दुकानात तयार मिळतात, तेच घ्या. छापलेला जोड हाताला घट्ट वाटतो आणि दाबाला गळतो.

प्रश्न : ऑक्सिजन जोडताना काय काळजी घ्यावी? एक सिलिंडर किती पुरतो?
*– रुग्णवाहिका चालक, उमरेड*

मोठा डी सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे ७,००० लिटरचा. मिनिटाला १० लिटरने ७०० मिनिटं, पावणेबारा तास. छोटा बी सिलिंडर दीड घनमीटरचा, त्याच धारेने अडीच तास. पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबू नका, पाव भाग हाताशी ठेवून हिशेब करा.

ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणगी पडते. ऑक्सिजन गळून पेटीत साचला तर तीच ठिणगी आग लावते. मोटर आणि बोर्ड एका कप्प्यात, हवेची वाट दुसऱ्या, मोकळी हवा खेळणाऱ्या कप्प्यात ठेवा. ऑक्सिजनच्या जोडांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन अजिबात लावायचं नाही. आटा घट्ट बसतो म्हणून तेलाचा थेंब सोडायची सवय वर्कशॉपमधल्या माणसाला असते, ती इथे जिवावर बेतेल.

प्रश्न : कोड चालतो, पण कधीतरी अचानक हँग होतो. शिवाय कोणकोणते अलार्म हवेत? आणि यंत्र तयार झालं की सरकारी रुग्णालयाला फुकट द्यायचं आहे, ते चालेल का?
*– सॉफ्टवेअर क्षेत्रातला गट, आयटी पार्क परिसर*

हँग होण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे आयटूसी, सेन्सर आणि बोर्ड यांच्यातली दोन तारांची संवादवाट. मोटरच्या झटक्याने एक बिट हुकतो आणि ती चालवणारी वायर लायब्ररी उत्तराची वाट पाहत कायमची बसते. २०२० मध्ये तिच्यात टाइमआउट आला, पण तो आपण मुद्दाम चालू करावा लागतो. डिले हे प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं फंक्शन हद्दपार करा. त्या थांबलेल्या वेळात प्रोसेसर दाब पाहत नसतो. वॉचडॉग (कोड अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) लावाच, पण रीसेटनंतर यंत्र काय करतं ते आधी ठरवा. आधीच्या सेटिंगवर सुरू व्हायला हवं, शून्यावर नव्हे.

दाब जास्त झाला, दाब चढलाच नाही, नळी सुटली, उच्छ्वासानंतर दाब खाली उतरला नाही, मोटर अडकली, लाईट गेली, बॅटरी संपत आली, एवढे अलार्म किमान हवेत. लाईट गेल्याचा अलार्म मुख्य सप्लायवर चालवणारे गट आम्ही एकाहून जास्त पाहिले! त्याला स्वतःची वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या. दाबाची कमाल मर्यादा सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. ४० सेंटिमीटरला आपोआप उघडणारी यांत्रिक झडप नळीवर असलीच पाहिजे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकाने घाईच्या काळासाठी जे निकष काढले, त्यांतही २० मिनिटांची बॅटरी मागितली होती, आणि त्याहून कमी प्रतीच्या यंत्राने फायदा तर नाहीच, उलट अपाय होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलं होतं.

फुकट दिलं म्हणून कायदा सुटत नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. विक्रीसाठी असो वा वाटपासाठी, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना लागतो. व्हेंटिलेटर क वर्गात मोडतो आणि त्या वर्गाचा परवाना केंद्रीय नियामक देतो. चाचणीपुरतं यंत्र बनवायला एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ परवानगी मिळते. तुमची वाट तिथून सुरू होते. त्यानंतर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयाच्या नैतिकता समितीपुढे जायचं. परवाना नसलेलं यंत्र वॉर्डात ठेवून येणं म्हणजे डॉक्टरच्या गळ्यात घोरपड बांधणं. अडीअडचणीत त्याने ते वापरलं तरी पंचाईत, न वापरलं तरी पंचाईत.

अभ्यासासाठी कोणते आराखडे पाहावेत, असंही या गटाने विचारलं आहे. मेडट्रॉनिकने ३० मार्च २०२० ला पीबी ५६० या व्हेंटिलेटरची कागदपत्रं खुली केली. त्यात सुट्या भागांच्या चित्रांपेक्षा चाचणीचे कागद आधी वाचा. इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी सुरू केलेलं मिलानो व्हेंटिलेटर वायूच्या दाबावर चालतं, त्यात बॅगही नाही आणि जबडाही नाही. हलणारे भाग कमी केले की काय साधतं ते त्यात दिसतं. नासाच्या प्रयोगशाळेने व्हायटल हा व्हेंटिलेटर ३७ दिवसांत उभा केला खरा, पण तिथे चाचणीची सामग्री आणि माणसं आधीपासून तयार होती. ३७ हा आकडा आपल्या वेळापत्रकात लिहू नका.

प्रश्न : पीप व्हॉल्व्ह (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात थोडा दाब राखणारी झडप) मिळाला नाही. उच्छ्वासाची नळी पाण्याच्या बाटलीत ५ सेंटिमीटर बुडवली तर ५ चा पीप मिळतो, असं ऐकलं. खरं का?
*– परिचारिका, सदर*

खरं आहे. नवजात बाळांच्या श्वासाला आधार देणाऱ्या बबल सीपॅपमध्ये हेच तत्त्व वापरतात. मात्र नळी पूर्ण जाडीची हवी. बारीक नळी घेतली तर पाण्याच्या दाबात नळीचा अडथळा मिळतो आणि ५ च्या जागी ८-९ होतात. बुडवलेलं टोक बाटलीच्या तळापासून दोन बोटं वर ठेवा आणि बाटलीचं झाकण सैल ठेवा. बाटलीला सेंटिमीटरची पट्टी चिकटवा आणि दर पाळीला पातळी पाहा, कारण उच्छ्वासाची वाफ जमून पाणी वाढतं आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने कमीही होतं. बाटली लवंडली की पीप क्षणात शून्य होतो, तेव्हा ती खाटेच्या पायाला बांधा, स्टुलावर ठेवू नका.